ईपानेट २.२ : पोडापर्यंत पाणी का पोचत नव्हतं, ते मला या सॉफ्टवेअरनं दाखवलं

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाची पाणीपुरवठा योजना होऊन तीन वर्षं झाली. गावठाणात नळाला पाणी येते. बरडावरच्या कोलाम पोडात, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, मात्र पहिल्या दिवसापासून करंगळीएवढी धार. सकाळी गुंड घेऊन बाया नळापाशी बसतात आणि शेवटी उतारावरच्या बोरिंगवर जातात. मी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, ठेकेदारांची मोजमापं आणि अंदाजपत्रकं करून देतो, बाकी तीन एकर कापूस-तूर. दर ग्रामसभेत पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, उभे राहायचे आणि आमच्यापैकी कोणापाशीच उत्तर नसायचं. मागच्या उन्हाळ्यात मी ईपानेट लॅपटॉपवर चढवलं आणि सगळी योजना त्यात भरली. हा अनुभव त्या सॉफ्टवेअरबद्दलचा. गावच्या योजना ज्यांना सांभाळाव्या लागतात, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

ईपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, नळ्यांच्या जाळ्यातला दाब आणि प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर. लुईस रॉसमन यांनी ते घडवलं, पहिली आवृत्ती १९९३ ची, दुसरी २००० ची आणि मी वापरतो ती २.२ ही २०२० मध्ये आली. पूर्ण फुकट. परवाना नाही, नोंदणी नाही, वर्षाचे पैसे नाहीत. मूळ कोडसुद्धा कोणीही उघडून पाहू शकतो. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि आमच्याकडे ही गोष्ट फार मोठी आहे. माझा लॅपटॉप जुना, सेकंडहँड घेतलेला, त्याच्यावर ते अडखळत नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत लाईन गेली असतानाही बॅटरीवर काम होते.

सॉफ्टवेअरला काय सांगावं लागते? टाकी कुठे, तिच्या तळाची उंची किती, प्रत्येक जोडाची (नळ्या जिथे मिळतात ती जागा) जमिनीची उंची किती, तिथे पाणी किती लागते, आणि प्रत्येक नळीची लांबी, व्यास, खरखरीतपणा. बदल्यात ते प्रत्येक जोडावरचा दाब (पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये) आणि प्रत्येक नळीतला प्रवाह देते. आमच्या जाळ्यात ४६ जोड आणि ४९ नळ्या निघाल्या.

डिप्लोमाला असताना आम्ही हेच गणित कागदावर करायचो. हार्डी क्रॉस यांची १९३६ ची रीत. एकेक लूप, म्हणजे नळ्यांचं बंद कडं, घ्यायचा, प्रवाह अंदाजानं धरायचा, घटीची, म्हणजे नळीतल्या घर्षणात खर्ची पडणाऱ्या दाबाची, बेरीज शून्य येते का पाहायची, दुरुस्ती काढायची, मग शेजारचा लूप. दोन लूपच्या उदाहरणाला फुलस्केपची तीन पानं जायची, आणि एका लूपची दुरुस्ती केली की शेजारचा बिघडायचा. ईपानेट लूप धरतच नाही. त्यात टोडिनी आणि पिलाटी या इटलीच्या दोघांनी १९८७ साली मांडलेली ग्रेडियंट रीत आहे, म्हणजे न्यूटनच्या रीतीचंच जाळ्याला लावलेलं रूप. सुरुवातीला प्रत्येक नळीत पाणी सेकंदाला १ फूट वेगानं चाललं आहे असं ते धरून चालते. घटीचं वक्र समीकरण त्या जागी सरळ रेषेसारखं मानते आणि सगळ्या जोडांचे दाब एकाच वेळी सोडवते. त्यावरून प्रवाह सुधारते आणि पुन्हा तेच करते. सगळ्या नळ्यांतल्या प्रवाहातल्या बदलांची बेरीज एकूण प्रवाहाच्या ०.००१ पटीपेक्षा कमी झाली की थांबते. आमचं जाळं पाच-सहा फेऱ्यांत जमते, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

एवढ्या लवकर होण्याचं कारण मला फार आवडलं. ४६ जोडांची ४६ समीकरणं, म्हणजे तक्त्यात दोन हजारांवर घरं. पण कोणताही जोड आपल्या दोन-तीन शेजाऱ्यांनाच जोडलेला असतो, त्यामुळे बहुतेक घरांत शून्यच असते. सॉफ्टवेअर ती शून्यं साठवतही नाही आणि त्यांचा हिशेबही करत नाही. समीकरणांचा क्रमही असा लावून घेते की सोडवताना नवी घरं कमीत कमी भरावीत. शहराचं हजारो जोडांचं जाळं साध्या लॅपटॉपवर चालते ते याच्याच भरवशावर.

आता पोडाकडे येतो. आमची टाकी एक लाख लिटरची, १२ मीटर उंच खांबांवर, आत ३ मीटर पाणी. पोडाची जमीन टाकीच्या पायथ्यापेक्षा ८ मीटर वर. म्हणजे टाकी भरलेली असताना पाण्याची पातळी पोडापेक्षा फक्त ७ मीटर उंच राहते. गावातून पोडाकडे १,४०० मीटर एचडीपीई (प्लास्टिकची) नळी गेली आहे, बाहेरून ६३ मिलिमीटर, आतून साधारण ५५. पोडात २४० माणसं, माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला १३,२०० लिटर.

योजनेच्या अहवालात पुरवठा २४ तासांचा धरला होता. तसा धरला की पोडाच्या नळीतून सेकंदाला ०.१५३ लिटर जायला पाहिजे. मी तो आकडा ईपानेटमध्ये घातला. १,४०० मीटरमध्ये घट आली १९ सेंटिमीटरच्या आसपास. दाब उत्तम. अहवालाचं गणित चुकलेलं नव्हतं, हे मला इथे मान्य करावं लागलं.

पण आमच्याकडे पाणी २४ तास कधीच सुटलं नाही. सकाळी ६ ते ८, सगळ्या चाव्या एकदम खुल्या. दिवसभराचं पाणी दोन तासांत द्यायचं म्हणजे प्रवाह १२ पट, सेकंदाला १.८३ लिटर. घट काढायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात ती प्रवाहाच्या १.८५२ व्या घातानं वाढते. १२ चा १.८५२ वा घात काढा, जवळजवळ १०० येतो. १९ सेंटिमीटरची घट १८.४ मीटर झाली. आणि वरून उंची मिळते एकूण ७ मीटर. त्यातले ३ मीटर गावातल्या मोठ्या नळीतच संपतात, कारण तेव्हा सगळं गाव पाणी ओढत असते.

मी किती वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो होतो. तीन वर्षं आम्ही ठेकेदाराला दोष दिला, नळी चोंदली म्हणालो, दोन ठिकाणी खोदूनही पाहिलं. चाव्या खोलणाऱ्या वॉलमनला तर काय काय ऐकावं लागलं. तो बिचारा म्हणायचा, "माह्या हातात चावी आहे, पन पानी वर चढतच नाही त मी काय करू जी?" त्याचं खरं होतं. नळी तीच, उंची तीच. पुरवठ्याचे तास बदलले आणि घट शंभर पटीनं वाढली.

यातला एक धोका नवख्यानं समजून घेतला पाहिजे. ईपानेट आपणहून असं धरून चालते की तुम्ही लिहिलेली मागणी पूर्ण होणारच. मग दाब पुरो की न पुरो. म्हणून माझ्या पहिल्या निकालात पोडावर उणे १४.४ मीटर दाब आला आणि सोबत ऋण दाबाचा इशारा. उणे १४ मीटर दाब जगात कुठे नसतो, निर्वात केलं तरी उणे १० च्या आसपासच थांबते. तो आकडा नळीतल्या परिस्थितीचा नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही मागितलेलं पाणी या नळीतून जाणार नाही. मी काही लोकांना हा आकडा दाबाचा म्हणून अहवालात छापताना पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

यावर २.२ आवृत्तीत उपाय आहे, आणि जुनी आवृत्ती सोडून हीच घ्या असं म्हणतो ते त्याच्यासाठीच. हायड्रॉलिक पर्यायांत मागणीचा प्रकार डीडीए (मागणी ठरलेली) ऐवजी पीडीए (मागणी दाबावर अवलंबून) करता येतो. मग दाब कमी असला की पाणीही कमी मिळते असं धरून हिशेब होतो. किती दाबाला पूर्ण पाणी मिळते तो आकडा आपण द्यायचा, घातांक ०.५ तसाच ठेवला तरी चालते. एकमजली घराला ७ मीटर दाब धरायची पद्धत आहे. पण पोडातले नळ जमिनीपासून दीड फुटावर, खाली गुंड ठेवलेला, वर टाक्या नाहीत. म्हणून मी २ मीटर धरला. निकाल आला सेकंदाला ०.७६ लिटर. दोन तासांत साडेपाच हजार लिटरच्या जवळ, म्हणजे माणशी २३ लिटर. टाकी उतरत जाते तसं त्याहूनही कमी.

आकडा खरा की खोटा ते पाहायला मी आणि वॉलमन २०० लिटरचा ड्रम घेऊन पोडात गेलो. बाकीचे नळ बंद ठेवून नळीच्या टोकाला ड्रम भरला. ४ मिनिटं ५० सेकंद लागले. म्हणजे ०.६९ लिटर. मॉडेलच्या जवळच. टाकी तेव्हा पूर्ण भरलेली नव्हती, शिवाय नळीचा खरखरीतपणा मी नव्या नळीचा १४० धरला होता (हा आकडा जितका मोठा, तितकी नळी गुळगुळीत). पोडातली एक आजी ड्रमपाशी उभी होती. म्हणाली, "बाबू, तीन वर्सात कोनी मोजाले नाही आलं." माझ्याजवळ त्यावर बोलायला काही नव्हतं.

उपाय शोधताना हे सॉफ्टवेअर खरं कामाला येते, कारण बदलून पाहायला पैसे लागत नाहीत. आधी मी ६३ ची नळी काढून ९० ची टाकून पाहिली, आतला व्यास ७९. घट १८.४ वरून ३.१५ मीटर. व्यासाचा घात ४.८७१ असल्यामुळे नळी थोडी मोठी झाली तरी घट एकदम पडते. पण १,४०० मीटर नळीचा आणि खोदाईचा खर्च समितीजवळ नव्हता. मग वेळा बदलून पाहिल्या. ईपानेटमध्ये दिवसाच्या तासातासाचा पॅटर्न देता येतो. पोडाला ०.१५३ ची मूळ मागणी ठेवून चार तासांना ६ चा गुणक आणि बाकी तासांना शून्य. गावाची पाळी संपल्यावर पोडाची एकट्याची पाळी, टाकी पुन्हा भरल्यावर. प्रवाह ०.९२ झाला, घट ५.१ मीटर, आणि मोठी नळी रिकामी असल्यामुळे तिथली घट जवळजवळ नाहीच. शेवटी १.८ मीटर दाब उरला. पीडीए लावूनही पोडाला जवळजवळ पूर्ण पाणी मिळते असं दिसलं. खर्च शून्य.

मी ४ ते ८ ची वेळ काढली होती. ग्रामसभेत नाईक म्हणाले, "बाया मजुरीहून सहाले येतात. चार वाजता पानी सोडून भरन कोन?" हे मला सुचायला पाहिजे होतं. वेळ ५ ते ९ ठरली. सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न एका घरानं सरकवला, काहीच फरक पडला नाही. सरपंचबाईंनी त्याच सभेत ठराव घेतला.

आता ईपानेटला जे दिसत नाही त्याबद्दल. हे आमच्या भागासाठी फार महत्त्वाचं आहे. ईपानेट असं धरते की नळ्या सदैव भरलेल्या आहेत. ज्या शहरांसाठी ते घडलं तिथे नळाला चोवीस तास पाणी असते. आमच्या नळ्या दिवसातले वीस-बावीस तास रिकाम्या. पोडाच्या नळीतच ३,३०० लिटर पाणी मावते. पोड उंचावर, म्हणून चाव्या बंद झाल्या की ते पाणी परत खाली उतरते आणि गावातल्या खालच्या नळांतून वाहून जाते. दुसऱ्या दिवशी आधी ती नळी भरायची, मग पोडात थेंब. ०.७६ च्या हिशेबानं त्यातच सवा तास जातो. जुन्या दोन तासांच्या पाळीत पोडाला पाऊण तासच उरत होता, हे ईपानेट कधीच सांगणार नाही. मी ते व्यासावरून हातानं काढलं. मग फाट्यावर एनआरव्ही बसवला, उलटं पाणी रोखणारा झडप, म्हणजे नळी भरलेलीच राहते. मॉडेलमध्येही त्या नळीची स्थिती सीव्ही (चेक व्हॉल्व्ह) केली की पाणी एकाच दिशेनं जाते. झडप बसवल्यावर चावी खोलली की पाच-सहा मिनिटांत पोडात पाणी येते.

नळाला लावलेले टुल्लू पंपही यात आपोआप येत नाहीत. गावठाणात आठ-दहा घरी ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या जोडावर मागणी वाढवून मी अंदाजे घेतले. ते अंदाजेच आहेत.

दुसरी अडचण आपल्याच आकड्यांची. मी आधी फोनमधल्या नकाशावरून उंच्या घेतल्या होत्या. पोड प्रत्यक्षापेक्षा ३ मीटर खाली आलं. ७ मीटरच्या खेळात ३ मीटरची चूक म्हणजे सगळा निकालच वेगळा. मग ओळखीच्या ठेकेदाराकडून डंपी लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) आणली आणि मुलाला स्टाफ (मापाची उभी पट्टी) धरायला घेऊन दोन दिवसांत पूर्ण नळीची लेव्हल काढली. ईपानेटचा हिशेब हजाराव्या भागापर्यंत जमतो, पण तो तुमच्या उंच्यांची चूक दुरुस्त करत नाही. एककांचंही तसंच. प्रवाहाचं एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) निवडलं की व्यास मिलिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये धरली जाते. मी सवयीनं एका ठिकाणी चार इंची नळीला ४ लिहिलं, सॉफ्टवेअरनं ती ४ मिलिमीटरची मानली आणि पुढच्या सगळ्या जोडांवर हजारो मीटर उणे दाब दाखवला. काम सुरू करण्याआधी एकक ठरवा आणि मगच आकडे भरा. मध्येच बदललं तर भरलेला प्रत्येक आकडा पुन्हा तपासा.

वापरायला ते जुन्या वळणाचं आहे. पडद्यावरची चित्रं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची वाटतात, सगळं इंग्रजीत. चुकलं तर मागे घ्यायची सोय नाही, पुसलेली नळी गेलीच. म्हणून मी दर अर्ध्या तासानं नव्या नावानं फाईल ठेवतो. जोडाच्या नावात मोकळी जागा चालत नाही. पण आयएनपी फाईल हा याचा मोठा गुण आहे. साधी अक्षरांची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते, जोड एका भागात, नळ्या दुसऱ्या. काही केबींची असल्यामुळे व्हॉट्सअॅपवर जाते. तालुक्याच्या एका अभियंत्याला मी ती पाठवली, त्यांनी त्यांच्या यंत्रावर चालवली आणि तेच आकडे आले. आमच्या गावात पहिल्यांदा वाद आकड्यांवर झाला, आवाजावर नाही.

नवी योजनाच आखायची असेल आणि कोणत्या नळीला कोणता व्यास स्वस्तात बसेल हे हवं असेल, तर आयआयटी मुंबईत घडलेलं जलतंत्र पाहा. ग्रामीण नळयोजनेसाठीच ते केलं आहे आणि कमी खर्चाचे व्यास तेच काढून देते. ईपानेट व्यास सुचवत नाही. तुम्ही जे जाळं द्याल त्यात काय होईल तेवढं सांगते. असलेली योजना का चालत नाही हे पाहायला मात्र मला ईपानेटच बरं वाटलं.

शिकायला मला तीन आठवडे लागले, शेतीची कामं सांभाळून, रात्रीचे. सोबतची माहितीपुस्तिका चांगली आहे. तिच्यातलं छोटं उदाहरण आधी हातानं सोडवा आणि मग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक आकडा कुठून आला ते कळेल.

नवी पाळी सुरू झाल्यावर आठव्या दिवशी तोच ड्रम घेऊन पुन्हा पोडात गेलो. ३ मिनिटं ४५ सेकंद, म्हणजे ०.८९ लिटर. मॉडेल ०.९१ सांगत होतं. या वेळी घड्याळ नाईकांच्या मुलानं धरलं होतं. त्यानं आकडा दोनदा विचारून वहीत लिहून घेतला. आता दर महिन्याला तोच मोजतो. मे महिन्यात विहिरीची पातळी उतरली की टाकी पूर्ण भरत नाही, तेव्हा त्याच्या वहीतला आकडा पडेल. त्यासाठी मी सध्या पंपाचा वक्र, म्हणजे किती उंचीला तो किती पाणी देतो ते, मॉडेलमध्ये भरतो आहे.